चिमुकल्यांचे बीजगणित आणि मेरी बूल

बीजगणित म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. कला शाखेकडे वळलेल्या मंडळींत केवळ बीजगणिताच्या धाकाने इकडे आलेले किती असतील, याची मोजदाद न केलेलीच बरी! असा हा विषय हायस्कूलचे तोंडही न पाहिलेल्या लहान पोरांना शिकवावा, आणि तोही हसतखेळत, असे कोणी म्हणाले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण लंडनमधल्या एका सत्त्याहत्तर वर्षांच्या आजीबाईंनी १९०९ साली नेमके हेच सांगणारे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. 'बीजगणिताचे तत्त्वज्ञान आणि गंमत' असे त्याचे नाव मराठीत करता येईल. या आजीबाई म्हणजे मेरी एव्हरेस्ट बूल. त्यांचे पती जॉर्ज बूल यांचे नाव आज संगणकाच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. काका जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव तर जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. मेरीबाईंचे स्वतःचे नाव मात्र शिक्षणाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मेरीचा जन्म ११ मार्च १८३२ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात, विकवॉर या गावी झाला. वडील टॉमस एव्हरेस्ट हे तेथील चर्चचे धर्मगुरू. त्या वेळी काका जॉर्ज एव्हरेस्ट हिंदुस्थानात सर्व्हेअर जनरल होते. येथे आपल्या विदर्भाचा एक धागा या घराण्याला जोडलेला आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी ज्यांनी सुरू केली ते कर्नल विल्यम लॅम्ब्टन, मोजणी करीत करीत उत्तरेकडे सरकत असताना, १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे. त्यांच्या पश्चात ते काम एव्हरेस्टसाहेबांच्या हाती आले. हिंगणघाटच्या मातीत थांबलेली साखळी ज्यांनी पुढे हिमालयापर्यंत ओढली, त्यांची ही पुतणी. असो.

मेरी पाच वर्षांची असताना, १८३७ साली, वडिलांच्या प्रकृतीसाठी सारे कुटुंब फ्रान्सला गेले. होमिओपॅथीचे जनक डॉ. हानेमान तेव्हा पॅरिसमध्ये होते आणि टॉमस एव्हरेस्ट यांची त्यांच्यावर अपार श्रद्धा होती. पॅरिसजवळच्या प्वासी गावी ही मंडळी राहिली. तेथे मेरीला शिकवायला देप्लास नावाचे एक शिक्षक येत. मेरीबाईंच्या उत्तरायुष्यातील साऱ्या विचारांचे मूळ या माणसाच्या शिकवणीत आहे, असे मला वाटते. मेरीला एखादे गणित अडले की देप्लास ते सोडवून देत नसत, नियमही सांगत नसत. ते एक लहानसा प्रश्न विचारीत आणि त्याचे उत्तर मेरीला कागदावर लिहायला लावीत. मग दुसरा प्रश्न, त्याखाली दुसरे उत्तर. अशी पाच-सहा उत्तरे एकाखाली एक लिहून झाली की मेरीने ती वरून खाली वाचायची. वाचता वाचता तिच्या ध्यानात येई की अडलेले गणित सुटले आहे, आणि ते आपणच सोडवले आहे! किती साधी युक्ती ही! त्यासाठी वेगळे साहित्य लागत नाही, पैसाही लागत नाही. लागतो तो फक्त धीर, आणि तो शिकवणाऱ्याने धरायचा असतो.

१८४३ साली कुटुंब इंग्लंडला परतले. मेरी अकरा वर्षांची होती. थोड्याच काळात तिची शाळा सुटली आणि ती वडिलांच्या हाताखाली काम करू लागली. प्रवचनांच्या तयारीत मदत करणे, रविवारच्या शाळेत गावातल्या मुलांना शिकवणे, हीच तिची दिनचर्या. मुलींनी विद्यापीठात जाण्याचा प्रश्नच त्या काळी नव्हता. वडिलांच्या कपाटातली पुस्तके काढून तिने कलनशास्त्र आपले आपण शिकायला घेतले. कलनशास्त्र म्हणजे ज्याला आपली विज्ञानाची मंडळी कॅल्क्युलस म्हणतात ते.

१८५० साली, अठराव्या वर्षी, मेरी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी आपल्या मामांकडे गेली. हे मामा, जॉन रायल, तेथील क्वीन्स कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापक व उपप्राचार्य होते. त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते जॉर्ज बूल. या गृहस्थांविषयी चार ओळी जास्त लिहिल्या तर वाचकांनी मला क्षमा करावी. लिंकन गावातल्या एका चांभाराचा हा मुलगा. घरची गरिबी अशी की सोळाव्या वर्षी मास्तरकी करून आईवडिलांचा संसार चालवावा लागला. एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे आज माझे जे वय आहे त्या वयात, त्यांनी स्वतःची शाळा काढली. कॉलेजचे शिक्षण नाही, पदवी नाही. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि गणित हे सारे रात्री जागून शिकलेले. तरी १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना पदक दिले आणि १८४९ मध्ये कॉर्कच्या कॉलेजाने प्राध्यापकपदी बसवले. आपल्याच घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या मुलामुलींनी हे वाचले की छाती थोडी फुगते, हे मी लपवीत नाही.

बूल यांनी मेरीला गणित शिकवायला सुरुवात केली. भेटी कमी, पत्रेच अधिक. १८५४ साली त्यांचा विचारांच्या नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातली कल्पना अशी की बीजगणितातील अक्षराने केवळ संख्याच दाखवली पाहिजे असे नाही. ते अक्षर वस्तूंचा समूहही दाखवू शकते आणि मग तर्कसुद्धा समीकरणात मांडता येतो. याच कल्पनेवर पुढे संगणकाची मांडणी उभी राहिली. १८५५ साली मेरीचे वडील वारले, आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला मेरी व जॉर्ज बूल यांचा विवाह झाला. दोघांच्या वयात सुमारे सोळा वर्षांचे अंतर होते. पण हा संसार केवळ स्वयंपाकघरापुरता नव्हता. मेरी पतीच्या लेखनाची पहिली वाचक होती. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या १८५९ च्या पाठ्यपुस्तकात कोठे विद्यार्थी अडखळेल हे ती दाखवी, आणि तेथे मजकूर सोपा होई. नऊ वर्षांत पाच मुली झाल्या. मेरी एलन, मार्गारेट, अ‍ॅलिशिया, ल्यूसी आणि एथेल.

आणि मग १८६४ चा नोव्हेंबर आला. बूल घरापासून तीनेक मैल चालत कॉलेजला निघाले असता पावसाने त्यांना गाठले. ओल्या कपड्यांनिशी त्यांनी तास घेतला. घरी आले ते ताप घेऊनच. ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. ज्या कारणाने रोग त्याच कारणाने उतारा, या वडिलांकडून घेतलेल्या समजुतीपायी मेरीबाईंनी आजारी पतीला ओल्या चादरींत ठेवले, असे पुढे घराण्यात सांगितले जात असे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याला काय ठाऊक आहे व काय नाही याची रेघ स्पष्ट आखावी, असे ज्या बाईंनी पुढे आयुष्यभर सांगितले, त्यांच्याच घरात ती रेघ आखायची राहिली होती. नंतरच्या त्यांच्या लिखाणात या गोष्टीचा आग्रह इतका तीव्र का, याचे उत्तर येथे असेल काय? निश्चित सांगता येणार नाही.

बत्तीस वर्षांची विधवा, पाच मुली, धाकटी अवघी काही महिन्यांची. मेरीबाईंनी लंडन गाठले. अ‍ॅलिशिया मात्र पुढे काही वर्षे आयर्लंडात आजीकडेच वाढली. हार्ले स्ट्रीटवरील क्वीन्स कॉलेज ही मुलींच्या उच्च शिक्षणासाठी १८४८ मध्ये निघालेली संस्था होती. तेथे मेरीबाईंना नोकरी मिळाली, पण ग्रंथपाल म्हणून! मुलींच्याच कॉलेजात, गणित जाणणाऱ्या बाईला, बाई म्हणून वर्गात शिकवण्याची मुभा नव्हती. मेरीबाईंनी यावर कांगावा केला नाही. रविवारी संध्याकाळी विद्यार्थिनींना त्यांनी आपल्याकडे गप्पांना बोलवायला सुरुवात केली. तेथे ना हजेरी, ना परीक्षा. गणित, तर्क, निसर्ग, धर्म, ज्या विषयाची लाट येईल त्या विषयावर बोलणे चाले. देप्लास यांची प्रश्नांची रीत येथे पुन्हा जिवंत झाली. अधिकृत वर्ग नाकारला गेला म्हणूनच अभ्यासक्रमाचे कुंपण त्यांच्याभोवती पडले नाही, असे आज मागे वळून पाहताना वाटते. पण असे म्हणून त्या अन्यायाला चांगले म्हणू नये.

पुढे ही नोकरीही सुटली. जेम्स हिंटन या विचारवंत डॉक्टरांकडे त्यांनी चिटणीस म्हणून काम केले. लेखनाला खरी सुरुवात झाली ती पन्नाशीच्या आसपास. आपल्याकडे पन्नाशीची बाई म्हणजे नातवंडे सांभाळणारी, तीर्थयात्रेचे बेत करणारी. मेरीबाईंची महत्त्वाची पुस्तके साठी-सत्तरीतली आहेत. अंकगणितातील तर्कावरील व्याख्याने १९०३ साली, विज्ञानासाठी बालमनाची पूर्वतयारी हे पुस्तक १९०४ साली, आणि आरंभी सांगितलेले बीजगणिताचे पुस्तक १९०९ साली.

आता त्यांचे म्हणणे तरी काय होते? ते नीट समजून घेऊ, कारण सारे मर्म येथे आहे.

अंकगणितात आपण ठाऊक असलेल्या गोष्टींवरून हिशेब करतो. बीजगणित सुरू होते ते आपल्याला एक गोष्ट ठाऊक नाही हे प्रामाणिकपणे कबूल करण्यापासून. मेरीबाईंच्या मते हीच बीजगणिताची पहिली पायरी. समीकरणे आणि सूत्रे त्यानंतर येतात. जे ठाऊक नाही त्याला झाकायचे नाही, अंदाजाने काहीतरी भरून टाकायचे नाही, त्याच्यासाठी अडून बसायचेही नाही. त्याला एक नाव द्यायचे, कागदावर मानाची जागा द्यायची, आणि जणू ते ठाऊकच आहे असे समजून पुढचा विचार करायचा. मात्र ते अजून ठाऊक नाही हे क्षणभरही विसरायचे नाही. असे चालत गेले की ते अज्ञातच शेवटी आपले नाव सांगते.

हे वाचल्यावर मला आमच्या शाळेतील तास आठवला. गुरुजींनी फळ्यावर क्ष काढला आणि लगेच बाजू बदलली की चिन्ह बदलते हा नियम आमच्याकडून घोकून घेतला. हा क्ष कोण, कोठून आला, त्याला का बोलावले, हे वर्गात कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. गुरुजींनाही बहुधा तसेच शिकवले गेले असेल. गंमत अशी की आपल्या पूर्वजांनी या क्ष ला फार बोलके नाव दिले होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटले आहे. यावत् तावत्, म्हणजे जेवढे असेल तेवढे! एकाहून अधिक अज्ञाते आली तर पुढच्यांना काळक, नीलक अशी रंगांची नावे. साऱ्या विषयालाच ते अव्यक्त गणित म्हणत. जेवढे असेल तेवढे, हे शब्द पहिलीतल्या मुलालाही कळतील. क्ष कळायला मात्र आम्हांला हायस्कूल गाठावे लागले.

एक साधा दाखला घेऊ. हा दाखला माझा आहे, मेरीबाईंचा नव्हे. एका मुलाच्या बंद मुठीत काही चिंचोके आहेत, जमिनीवर तीन मांडले आहेत, आणि सारे मिळून दहा आहेत. मुठीत किती? मूल बोटे मोजून सात सांगेल. ही वजाबाकी झाली. आता त्याला सांगावे, मूठ उघडू नकोस, मुठीचे चित्र काढ. चित्रापुढे अधिक तीन, बरोबर दहा, असे लिही. मग दोन मुले सारखे चिंचोके मुठीत घेऊन उभी करावीत. बाहेर एक चिंचोका ठेवावा, आणि सारे मिळून नऊ आहेत असे सांगावे. कागदावर दोन मुठींची चित्रे आली. बाहेरचा एक बाजूला केला की दोन मुठींचे आठ, एकीचे चार. सहा-सात वर्षांच्या पोराने येथे दोन पदांचे समीकरण सोडवले, आणि त्याला घाम फुटला नाही. का फुटला नाही? कारण चित्रातली मूठ म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक आहे. आत किती, एवढेच ठाऊक नाही.

लहान मुलांनाच हे का शिकवावे, मोठेपणी का नको? मेरीबाईंच्या विचारातून मला समजलेले उत्तर असे. लहान मुलाला मला ठाऊक नाही असे म्हणण्याची लाज नसते. दिवसातून शंभरदा ते हे काय, ते काय, असे विचारते. ही लाज शाळेत शिकवली जाते. इयत्ता वाढते तसतसे मूल न कळलेले लपवायला शिकते. आणि ज्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही त्या घरातून आलेल्यांना तर ही विद्या जरा लवकरच येते. माझ्या बरोबरीच्या पुष्कळांत मी हे पाहते. तासाला मान डोलावायची, शब्द अडला तरी विचारायचे नाही, कारण विचारले की आपण कोठून आलो हे उघडे पडेल अशी भीती. अशा वेळी एक शास्त्र असे आहे की ज्यात न कळलेल्याला नाव देऊन सर्वांसमक्ष कागदावर लिहावेच लागते, न लिहिले तर पुढे जाताच येत नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. मेरीबाईंना बीजगणित बालवयात हवे होते ते ही भीती बसण्याच्या आत, असे मी समजते.

त्यांची दुसरी शिकवण अशी. प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर त्यातला काही भाग तात्पुरता बाजूला ठेवावा आणि उरलेला सोडवावा. पण बाजूला ठेवलेले पुन्हा आत घ्यायचे आहे, याची नोंद ठेवावी. जगातले पुष्कळ शहाणे लोक चुकतात ते बाजूला ठेवताना नव्हे, परत घ्यायचे विसरतात म्हणून. हे वाचताना माझ्यासमोर आमच्याकडची कापूस वेचणी उभी राहिली. माझी आई शाळेत गेलेली नाही. वेचलेल्या कापसाचे गाठोडे काट्यावर चढते तेव्हा कापडाचे वजन ती तेवढ्यापुरते सोडून देते, सगळ्या गाठोड्यांची बेरीज तोंडी करते, आणि शेवटी जितकी गाठोडी तितक्या कापडांचे वजन एकदम वजा करते. मालकाच्या मुनीमाची वही चुकेल, तिचा हिशेब चुकत नाही. याला बीजगणित म्हणतात हे तिला कोणी सांगितलेले नाही, इतकेच.

तिसरी गोष्ट शिक्षकाच्या मर्यादेची. शिक्षकाने साहित्य मांडावे, प्रश्न विचारावा आणि मग दूर व्हावे. मुलाच्या मनात जे घडायचे ते त्याच्या आड राहून घडू द्यावे. हाताने केलेल्या गोष्टी मनात मुरायला वेळ लागतो, आणि तो काळ वाया गेलेला नसतो. शिकण्यात श्रम व विसावा यांचा एक ताल असतो, असे त्या पुन्हा पुन्हा सांगतात. नियम शिकवण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या हाताला त्या नियमाची सवय झालेली असावी. पूर्वतयारी म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे त्यांची शिवणकामाची कार्डे. त्यांच्या लहानपणी सुया ठेवण्याच्या पाकिटांसाठी पुठ्ठ्याची कार्डे दुकानांत मिळत. कडेने भोके पाडलेली असत. कार्डावर चित्र रंगवायचे आणि दोन कार्डे शिवून टाकायची. मेरीला चित्रकला येत नव्हती. म्हणून तिने रेशमी दोरे या भोकातून त्या भोकात ओवून कार्ड सजवायला घेतले. आधी समोरासमोरची भोके जोडली, तेव्हा सगळे दोरे मध्यभागी एकमेकांना छेदून गेले. त्याचा कंटाळा आला म्हणून नेमके समोरचे भोक सोडून थोडे बाजूचे धरले. आणि काय आश्चर्य! मध्ये रिकामी जागा उरली आणि तिच्याभोवती सुरेख वक्ररेषा उमटली. सारे दोरे तर सरळ, मग वाक आला कोठून? हा आनंद त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या.

वाचकांनी घरी करून पाहावे. एका बिंदूतून निघणाऱ्या दोन सरळ रेघा पुठ्ठ्यावर काढा. दोन्हींवर सारख्या अंतरावर दहा-दहा भोके पाडा. आता एका रेघेवरचे कोनाजवळचे पहिले भोक दुसरीवरच्या शेवटच्या भोकाशी जोडा, दुसरे शेवटून दुसऱ्याशी, असे करीत जा. दहा सरळ दोऱ्यांतून एक वाकडी रेघ दिसू लागेल. गणितात तिला अन्वस्त म्हणतात. कॉलेजात जिचे समीकरण पाठ करावे लागते ती ही रेघ सात वर्षांच्या मुलीने सुईदोऱ्याने काढली! तिला अजून नाव सांगायचे नाही, सूत्र सांगायचे नाही. पुढे कधीतरी सूत्र समोर येईल तेव्हा जुनी ओळखीची बाई भेटल्यासारखे वाटले पाहिजे. शिवणकाम हे मुलींचे आणि गणित मुलग्यांचे, अशी वाटणी असलेल्या काळात सुईच्या अग्रावर भूमिती आणणे, ही साधी गोष्ट नव्हती.

मेरीबाईंच्या पुस्तकांत सारेच सोने आहे असे मात्र नाही. बीजगणितावरून त्या एकदम बायबलातील कथांवर जातात, तेथून मनोव्यापारांवर, तेथून गूढ शक्तींवर. ठिकठिकाणी ठेच लागते. काही पाने मी दोनदा वाचली तरी हाती काही लागले नाही. हिंदुस्थानविषयी त्यांना मोठे ममत्व होते. १९०१ साली जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात त्यांनी, काका एव्हरेस्ट यांच्याद्वारे हिंदी विचार इंग्लंडच्या गणितज्ञांपर्यंत पोहोचला आणि त्यातून बूल, डी मॉर्गन, बॅबेज घडले, असे म्हटले आहे. वाचून आपल्याला बरे वाटते. पण कुटुंबातल्या आठवणीपलीकडे त्याला बळकट आधार हवा. दिल्लीच्या मास्टर रामचंद्र यांचे गणिताचे पुस्तक डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापून घेतले, ही गोष्ट मात्र पक्की आहे. उगाच सगळेच आपल्याकडून गेले असे म्हणण्यापेक्षा अशी एक पक्की गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

त्यांच्या शिकवणुकीची खरी परीक्षा त्यांच्या मुलींत पाहावी. अ‍ॅलिशिया कधीही विद्यापीठात गेल्या नाहीत. थोरल्या बहिणीचे यजमान हॉवर्ड हिंटन यांनी घरात लाकडी ठोकळे आणले होते. त्यांच्याशी खेळता खेळता त्या चार मितींच्या आकृत्या मनात पाहू लागल्या. पुढे त्यांनी पुठ्ठ्याचे नमुने करून त्या आकृत्यांचे छेद दाखवले आणि १९१४ साली हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ल्यूसीही विद्यापीठात न जाता रसायनशास्त्रज्ञ झाल्या. १८९४ मध्ये ब्रिटनच्या रसायनशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य-फेलो झाल्या. मार्गारेटचा मुलगा जेफ्री टेलर हा मोठा पदार्थशास्त्रज्ञ निघाला. धाकटी एथेल गणिताकडे वळली नाही. तिची 'गॅडफ्लाय' ही १८९७ ची कादंबरी रशिया-चीनमध्ये लाखोंनी वाचली.

मेरीबाईंनंतर अर्ध्या शतकाने लहान मुलांच्या बीजगणिताचा विचार पुन्हा वर आला. अमेरिकेत रॉबर्ट डेव्हिस यांनी १९५७ पासून मुलांना अक्षराऐवजी रिकामा चौकोन देऊन समीकरणे लिहायला लावली. रशियात डेव्हिडॉव यांनी तर पहिलीच्या मुलांना संख्येच्या आधीच अक्षरे दिली. दोन काठ्या शेजारी धरायच्या, एकीला अ म्हणायचे, दुसरीला ब, आणि अ मोठी की ब मोठी ते लिहायचे. किती मोठी हे मोजायचे नंतर. या मंडळींनी मेरीबाईंचे पुस्तक वाचून हे केले असे नव्हे. ते आपापल्या वाटेने तेथे पोचले.

शेवटची वर्षे मेरीबाईंनी लंडनमध्येच काढली. शिक्षक, आया, तरुण मुली त्यांच्याकडे येत, बोलत बसत. १७ मे १९१६ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्यांचे निधन झाले. १९३१ साली त्यांचे समग्र लेखन चार खंडांत निघाले. १९७२ मध्ये इंग्लंडमधील गणित-शिक्षकांच्या संघटनेने त्यातील निवडक भागांचे एक लहान पुस्तक काढले. दोऱ्यांची कार्डे त्याआधीच शाळाशाळांतून पसरली होती. पुढे पुठ्ठ्याच्या जागी लाकडी फळी आली, भोकांच्या जागी खिळे आले, आणि खिळ्यांना रंगीत दोरा गुंडाळून केलेली तशी चित्रे पुष्कळ घरांच्या भिंतींवर लागली.